एका झिजलेल्या अक्षराचा तिश्री

गणपतीच्या मांडवांचे बांबू उतरायला लागले, की आमच्या घरी हलव्याच्या कढईची आठवण निघते. सीबीडी बेलापूरला माझ्या ऑफिसच्या खिडकीतून पारसिकची टेकडी दिसते. पावसाचा जोर ओसरलेला असतो, टेकडीवरचं गवत कमरेएवढं झालेलं असतं आणि दुपारी मध्येच असं पिवळं ऊन पडतं, की हातातली फाईल बाजूला ठेवावीशी वाटते. त्या उन्हाला माझ्या मनात एक नाव आहे. आमच्या हिब्रू पंचांगातला एलूल महिना संपतो आणि तिश्री लागतो, त्या दिवसांचं ते ऊन. आमचे सगळे मोठे सण त्या एका महिन्यात एकमेकांच्या पाठोपाठ येतात.

यंदा रजेचा अर्ज दिला तेव्हा नव्याने बदली होऊन आलेल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, हा कुठला सण?"

"नवं वर्ष आहे आमचं. आम्ही ज्यू. बेने इस्राएल."

ते म्हणाले, "पण तुम्ही मराठी किती छान बोलता."

"मग दुसरं काय बोलणार साहेब? आम्ही कुलाबा जिल्ह्यातले."

त्यांनी सही केली. हा संवाद दर दोन-तीन वर्षांनी होतो आणि मला त्याचा कधी राग येत नाही. उलट सांगताना मान थोडी ताठच होते. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर कधी उतरले ते नक्की कोणाला माहीत नाही. ते गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पुस्तकं हरवली, भाषा विसरली, पण शनिवार विसरला नाही. गावाच्या नावापुढे कर लावून आडनावं घेतली, नारळाच्या दुधात गव्हाचा चीक शिजवून नव्या वर्षाचा हलवा केला आणि सणांनाही मराठी नावं दिली. योम किप्पूर या उपासाच्या दिवसाला माझी आई अजूनही दारफळणीचा सण म्हणते, कारण त्या दिवशी लोक घराची दारं लावून घेत आणि तारे दिसेपर्यंत बाहेरच्या कोणाशी बोलत नसत. सिनेगॉगला जुनी माणसं मशीद म्हणतात, आम्ही घरात देऊळही म्हणतो. आमच्या गावात रिक्षावाल्याला "इस्राएलांच्या मशिदीकडे" सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो.

हे गाव उरणच्या अलीकडे आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कंटेनरची गोदामं. गोदामांच्या मधल्या पट्ट्यात जुनी वस्ती, आणि वस्तीत निळ्या खिडक्यांचं आमचं सिनेगॉग. माझे पप्पा तिथे प्रार्थना चालवतात. नोकरी त्यांनी बंदरात केली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण शनिवारचं काम सुटलं नाही. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी बेलापूरहून त्यांच्याकडे जातो आणि रविवारी संध्याकाळी परततो.

आज मला तिश्री म्हटलं की दोन वर्षांपूर्वीचाच आठवतो. त्या वर्षीच्या सणांआधी तीन आठवडे, एका शनिवारी सकाळी, पप्पा वाचता वाचता थांबले.

ते कधी थांबत नाहीत. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, आम्ही छापील पुस्तकातून नाही तर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून वाचतो. चामड्यावर बोरूने, काळ्या शाईने लिहिलेली तीन लाखांहून जास्त अक्षरं. ती गुंडाळी एका उभ्या लाकडी डब्यात असते. डब्याला लाल मखमल, वर चांदीचे दोन गोंडे. पश्चिमेच्या भिंतीतल्या मोठ्या कपाटातून, हेखालमधून, ती बाहेर काढतात. पश्चिमेला समुद्र आहे आणि समुद्राच्या पलीकडे यरुशलेम. डबा मधल्या चौथऱ्यावर उभा करतात, उघडतात आणि अक्षराला हात न लावता चांदीच्या काडीने ओळ दाखवत वाचतात. पप्पांचा आवाज म्हातारा झालाय, पण त्या चालीत अजून कुठे अडखळत नाही. म्हणून त्या सकाळी आवाज बंद झाला तेव्हा आम्ही बायका मागच्या बाकांवरून एकदम वर बघायला लागलो.

शालोमकाका त्यांच्या बाजूला उभे होते. ते आमच्या कमिटीचे अध्यक्ष, पप्पांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"हे अक्षर बघ. वाव आहे की योद?"

हिब्रूत योद म्हणजे ओळीच्या वरच्या अंगाला टेकवलेला एवढासा ठिपका. वाव म्हणजे तोच ठिपका, पण खाली लांब पाय सोडून उभा राहिलेला. दोघांत फरक फक्त पायाचा. त्या जागी वाव हवा होता आणि दमट हवेने त्याच्या पायाची शाई उडाली होती. एक अक्षर जरी बदललं किंवा गेलं, तरी ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. दुरुस्त होईपर्यंत ती बंद करून ठेवावी लागते. आमची दुसरी गुंडाळी आधीच अशी बंद होऊन कपाटात उभी होती. दुरुस्ती करणारा लेखनिक इथे नाही, तो परदेशातून येतो तेव्हा येतो.

शालोमकाकांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं. "वावच आहे. चल पुढे."

"मलाही वावच दिसतो," पप्पा म्हणाले. "पण मला तिथे वाव असणार हे पाठ आहे. म्हणून दिसत असेल."

"अरे, तीन आठवड्यांवर सण आलाय."

"माहीत आहे."

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. ज्याला अक्षरं ओळखता येतात पण शब्द वाचता येत नाहीत, अशा लहान मुलाला बोलवायचं. त्याला अर्थ माहीत नसतो, म्हणून तो अंदाज करत नाही. जे दिसेल ते सांगतो. त्याने वाव म्हटलं तर वाव, योद म्हटलं तर योद. त्यावर मोठ्यांनी वाद घालायचा नाही.

त्या दिवशी तिथे असं एकच मूल होतं. माझी नओमी, सहा वर्षांची, माझ्या शेजारी बाकावर पाय हलवत बसलेली. दर रविवारी सकाळी पप्पा तिला पाटीवर अक्षरं शिकवत. शब्दांपर्यंत अजून पोचले नव्हते.

"मुलगी चालते का पण?" मागून कोणीतरी विचारलं.

"तिचे डोळे चालतात," पप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी तिला घेऊन पुढे गेले. त्यांनी तिला स्टुलावर उभं केलं. रेशमी कापडाने आजूबाजूची अक्षरं झाकली आणि काडीचं टोक त्या एका अक्षराखाली धरलं. बारा पुरुष चौथऱ्याभोवती उभे होते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं होतं. आमच्या मुलांना असे चेहरे फार लवकर वाचता येतात. नओमीने आधी आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. पप्पांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या डोळ्यांतून तिला काही कळू नये म्हणून.

मग तिने अक्षराकडे पाहिलं. नाक चामड्याला लागेल इतकी वाकली.

"योद," ती म्हणाली.

शालोमकाका म्हणाले, "नीट बघ बाळा."

"दुसऱ्यांदा विचारायचं नाही, शालोम," पप्पा म्हणाले.

तिने मात्र स्वतःहूनच सांगितलं, "योदच आहे. जरा मोठा आहे, पण योद आहे."

पप्पांनी डबा बंद केला. एक पांढरा पट्टा त्याच्याभोवती बाहेरून गुंडाळला, म्हणजे चुकूनही कोणी ती गुंडाळी वाचायला काढू नये. उरलेला भाग त्यांनी छापील पुस्तकातून वाचून दाखवला, पण वाचनाचा आशीर्वाद म्हटला नाही. तो छापील पुस्तकावर म्हणत नाहीत. आम्ही सगळे आपापल्या जागी उभे होतो आणि देवळातल्या पंख्याचा आवाज पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकू येत होता.

घरी आल्यावर नओमी जेवेना. आई तिच्या ताटात वरणभात कालवत होती आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळे सगळे रागावले. मी चुकले का?"

पप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, ते सहसा खाली बसत नाहीत.

"मला सांग, तुला काय दिसलं?"

"योद."

"मग काय सांगायला हवं होतं?"

"योद."

"बारा मोठी माणसं होतो आम्ही तिथे. आम्हाला सगळ्यांना वाव हवा होता, म्हणून आम्हाला वाव दिसत होता. खरं एकटी तू बोललीस. आता जेव."

ती जेवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी लावत राहिले. मला रडू येत होतं आणि ते दुःखाचं नव्हतं. आमच्यात मुलगी त्या चौथऱ्यापाशी सहसा जात नाही. माझी मुलगी तिथे उभी राहिली होती आणि बारा चेहऱ्यांना न जुमानता तिने डोळ्यांना दिसलं ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. आता गुंडाळी नाही, तर सणात तोरा वाचायची कशी? इतर ठिकाणी विचारून झालं, पण सणाच्या दिवसांत ज्यांच्याकडे चांगल्या गुंडाळ्या होत्या त्यांनाच त्या लागणार होत्या. शालोमकाका म्हणाले, यंदा सगळ्यांनी ठाण्याला जाऊ, तिथे भरपूर माणसं असतात. त्यांच्या बोलण्यात खोट काही नव्हती. आमची निम्मी घरं ठाण्याला गेली आहेत, बरीचशी इस्राएल देशात, अश्दोदला आणि दिमोनाला. शनिवारी दहा पुरुष जमवायचे तर शुक्रवारपासून फोन करावे लागतात, आणि दहा पुरुष नसले तर तोराचं वाचन होत नाही.

पप्पा म्हणाले, "एक वर्ष सणाला दार उघडलं नाही, तर पुढच्या वर्षी कुलूप उघडायला कोण येईल?"

"मग तूच सांग," शालोमकाका म्हणाले, "गुंडाळी कुठून आणतोस?"

"मिलकाबायकडे आहे एक."

खोलीत कोणीतरी हसलं. मिलकाबायचं नाव सगळ्यांना माहीत होतं. रेवदंड्याच्या बाजूच्या एका गावात, नारळीच्या वाडीत, एक लहानसं सिनेगॉग आहे आणि त्या गावात आता इस्राएल म्हणून एकटी ती उरली आहे. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मुली अश्दोदला बोलावतात, ती जात नाही. दर शुक्रवारी देवळात दिवा लावते. तिथली गुंडाळी मागायला याआधी अनेकजण गेले आणि हात हलवत परत आले होते.

सोमवारी ऑफिसात सुजाताने माझा चेहरा पाहिला. ती माझ्या समोरच्या टेबलावर बसते. तिचं माहेर परभणीकडचं, नवी मुंबईत येऊन वीस वर्षं झाली. आमच्या डब्यांची अदलाबदल रोज होते. मी तिला सगळं सांगितलं. वाव, योद, मिलकाबाय.

"मग जायचं ना," ती म्हणाली.

"पप्पांना इतका वेळ एसटीत बसवत नाही. आणि येताना गुंडाळी एसटीतून आणणार कशी?"

"टेन्शन घेऊ नको गं. माझी गाडी आहे. बुधवारी सुट्टी टाकते मी."

"तू कशाला सुट्टी घालवतेस?"

"तुमचा ग्रंथ आणायचा आहे ना? आमच्या विहारात ग्रंथ कोणी जमिनीवर ठेवला तर माझी आई दिवसभर बोलायची नाही त्याच्याशी. मला कळतं ते."

बुधवारी आम्ही तिघं निघालो. पेण सोडल्यावर दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं होतं. पप्पांनी पांढरा सदरा घातला होता आणि पूर्ण रस्ता ते मनातल्या मनात काहीतरी म्हणत होते. बहुतेक मिलकाबायशी काय बोलायचं त्याची तयारी असावी.

ती अंगणात आमची वाट बघत होती. अठ्ठ्याहत्तरची, काटकुळी, नऊवारी कमरेला घट्ट खोचलेली. पाणी दिलं, बसायला चटई टाकली आणि पप्पांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पोथीसाटी आलाव ना?"

"होय बाय."

"तुमच्या आदी तीन येला लोक आले. एक म्हनला, मुंबईला नेतो, काचेच्या कपाटात ठेवतो. मी म्हनले, काचेत मासे ठेवतात."

सुजाता हसली. मिलकाबाय नाही हसली.

पप्पांनी तयारी केलेलं बहुतेक सगळं बाजूला ठेवलं. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. अक्षर झिजलं, नातीला विचारलं, ती योद म्हणाली, आता सणाला वाचायला काही नाही. मिलकाबाय ऐकत राहिली. नातीचं आलं तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

"केवढी हाय?"

"सहा वर्षांची."

"आन तुमी तिचं ऐकलाव?"

"ऐकलं."

ती उठली. कमरेची किल्ली काढली आणि आम्हाला देवळात घेऊन गेली. छोटीशी कौलारू जागा. फरशी इतकी स्वच्छ, की आम्ही पाय ठेवताना कचरलो. हेखाल उघडून तिने डबा स्वतः बाहेर आणला. पप्पांनी तो उघडला आणि मी त्यांच्या तोंडून हळूच निघालेला श्वास ऐकला. अक्षरं काळीभोर होती. कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, इतक्या पावसाळ्यांनंतर.

"बाय, ही अशी राहिली कशी?"

"मला वाचता येत नाय," मिलकाबाय म्हणाली. "पन हवा दाखवता येते. दर आयतवारी उगडते, थोडी फिरवते, सुकं कापूड बांदते आन ठेवते. मालकांनी सांगितलं व्हतं."

पप्पांनी दुपारभर उभं राहून सणात लागणारा प्रत्येक भाग तपासला. काडी एकेका अक्षराखालून जात होती. नव्या वर्षाचा भाग, दारफळणीचा, पाल्याच्या मांडवात बसून जेवतात त्या सणाचा आणि शेवटचा, सिम्हात तोराचा. मिलकाबाय दारात बसून होती, एकदाही उठली नाही. संपलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "एकही नाही."

म्हणजे एकही अक्षर खराब नव्हतं.

मग तिने आपली अट सांगितली. "सन झाला की पोथी हितं परत आली पायजे. आन नुसती नाय. धा पुरुष आना. हितं उबं राहून वाचा. मालक गेले त्याच्याआदीपासून या देवलात तोरा वाचली नाय."

"शब्द देतो बाय."

"शब्द नको. दिवस सांगा."

पप्पांनी बोटांवर मोजलं. तोराचं वाचन शनिवारी होतं, तसं सोमवारी आणि गुरुवारीही होतं. "सिम्हात तोरा झाल्यावर येणारा पहिला सोमवार," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर डबा पप्पांच्या मांडीवर होता, दोन्ही हातांत उभा धरलेला. पेणला चहासाठी थांबलो तर ते उतरेनात. गुंडाळी एकटी सोडायची नाही आणि ती मांडीवर असताना चहा प्यायचा नाही. सुजाता नळावर हात धुऊन आली, ओढणीला पुसले आणि दार उघडून म्हणाली, "काका, द्या. मी धरते."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग डबा तिच्या हातात दिला. ती मागच्या सीटवर पाठ ताठ ठेवून बसली, डबा छातीशी. आम्ही दोघं टपरीपाशी उभे राहून चहा प्यायलो. पप्पा गाडीकडे बघत म्हणाले, "मुलगी नीट धरून बसली आहे."

त्या तिश्रीचं मला काय काय आठवतं. हलवा घोटता घोटता दंड भरून आले होते आणि नारळाच्या दुधाचा वास दिवाणखान्यातल्या पडद्यांना लागला होता. नव्या वर्षाच्या सकाळी मिलकाबायची गुंडाळी आमच्या देवळात मिरवत निघाली, तेव्हा बायकांनी बोटं मखमलीला लावून ओठांना लावली. देऊळ बंद राहणार अशी बातमी आधी फुटली होती, म्हणून की काय, ठाण्याहून, कल्याणहून माणसं आली होती. कित्येकांना मी फक्त लग्नांत पाहिलं होतं. बाक पुरेनात, शेजारच्या आगरी घरातून खुर्च्या आणल्या. शालोमकाका दारात उभे राहून येणाऱ्याला जागा दाखवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या वधुपित्याची धांदल होती.

दारफळणीला सगळे पांढऱ्या कपड्यांत. संध्याकाळी शेवटची प्रार्थना चालू असताना उपासाने पप्पांचा आवाज पार खाली गेला होता, तरी मागच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. मग शोफार वाजला, मेंढ्याच्या शिंगाचा तो लांब, खरखरीत आवाज, आणि बाहेर कंटेनरचे ट्रेलर हॉर्न देत जात होते. पुढे सिम्हात तोराला, म्हणजे वाचन संपवून पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करतात त्या दिवशी, गुंडाळी हातांत घेऊन पुरुष नाचले. शालोमकाकांनी मुलांना खाऊ वाटला. नओमीपाशी आल्यावर दोन्ही हात भरून दिला आणि म्हणाले, "परीक्षकबाई, त्या दिवशी मी तुला दुसऱ्यांदा विचारायला नको होतं."

आमची गुंडाळी पुढच्या हिवाळ्यात एका लेखनिकाने येऊन दुरुस्त केली. वावला पाय फुटला. त्याने तो एकच पाय लिहायला सबंध सकाळ घेतली. नओमी आता आठ वर्षांची आहे, तिला शब्द वाचता येतात, अर्थही थोडा कळतो. म्हणजे त्या कामाला ती आता चालणार नाही. पप्पांनी तिला हे सांगितलं तेव्हा तिला आधी वाईट वाटलं. मग तिने शेजारच्या बाकावरच्या चार वर्षांच्या दानिएलला अक्षरं शिकवायला घेतली.

पण मला त्या सोमवाराचं सांगायचं आहे. सोमवार म्हणजे सगळ्यांचं काम. दहा पुरुष कामं सोडून रेवदंड्याकडे येतील की नाही, याची पप्पांना धाकधूक होती. त्यांनी मला बोलून दाखवलं नाही, पण यादी खिशात घेऊन फिरत होते. फोन शालोमकाकांनी केले. ज्यांनी गुंडाळी मिळणार नाही म्हणून ठाण्याला जायचं सुचवलं होतं, त्याच शालोमकाकांनी. सकाळी मिलकाबायच्या वाडीसमोर टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली आणि एकेकजण उतरायला लागला. मी मोजत होते. बँकेतला, गोदामातला, कॉलेजात शिकवणारा, ठाण्याचे दोघे भाऊ, माझा नवरा. सतरा झाले.

मिलकाबाय पायरीवर उभी होती. तिने गावातल्या शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलं होतं, कोळ्यांच्या आणि माळ्यांच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. पप्पांनी गुंडाळी तिच्या हातात दिली, हेखालपर्यंत तिनेच न्यावी म्हणून. ती घेऊन गेली. सतरा माणसं दोन्ही बाजूंना सरकून उभी राहिली.

वाचन फार लांबलचक नव्हतं. सोमवारचं लहानच असतं. पण त्या कौलांखाली पप्पांचा आवाज चढला आणि सतरा आवाजांनी आमेन म्हटलं, तेव्हा कौलांतली चिमणी उडून बाहेर गेली. मी मिलकाबायच्या शेजारी बसले होते. ती समोर पाहत होती. ओठ हलत नव्हते, तिला पाठ काहीच नव्हतं. हात मांडीवर, तळवे वर करून, जसं कोणी काहीतरी त्यांत ठेवणार आहे.

शेवटी मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणतात. पप्पांनी तिच्या मालकांचं नाव विचारलं, म्हटलं. मग म्हणाले, "आता जिवंत माणसासाठी आशीर्वाद म्हणायचा आहे. बाय, तुमच्या आईचं नाव काय?"

"माझ्या आईचं कशाला?"

"तुमचं नाव आईच्या नावासकट घ्यायचं असतं."

तिला थोडा वेळ लागला. "हन्ना," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "हन्ना व्हतं."

आणि पप्पांनी चौथऱ्यावरून म्हटलं, मिलका, हन्नाची मुलगी, जिने ही गुंडाळी राखली. पुरुष आमेन म्हणाले. तिने पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला.

गुंडाळी कपाटात ठेवायची वेळ आली तेव्हा शालोमकाका पुढे झाले. ते मनापासून बोलत होते. "बाय, एक विचारू? पोथी आमच्याकडे राहिली तर दर शनिवारी वाचली जाईल. इथे ती एकटी असते."

मिलकाबायने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर अंगणात उभ्या असलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरकडे, चपला शोधणाऱ्या माणसांकडे.

"हितंच राहू द्या," ती म्हणाली. "तिकडं नेलाव तर हितं कोन येईल? हितं असली तर तुमी याल."

तिने हेखालचं दार लोटलं, किल्ली फिरवली आणि पुढे निघाली. सतरा माणसांसाठी तिने पहाटेपासून भात आणि नारळाच्या रसातलं माशाचं कालवण केलं होतं.

"चला," ती म्हणाली, "भात निवतोय."